थेलर आधी घ्यावे की स्तंभांकित रियाल?

युरोपीय राजचिन्हांच्या अभ्यासासाठी चांदीचे एकच मोठे नाणे घ्यायचे असेल, तर निवड बहुधा ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचे थेलर आणि स्पेनचे आठ रियालांचे स्तंभांकित नाणे या दोहोंवर येऊन ठेपते.

थेलरच्या मागील बाजूस साम्राज्याचा द्विमुखी गरुड असून त्याच्या छातीवरील ढालीत हंगेरी, बोहेमिया, बर्गंडी आणि बुरगाउ यांची चिन्हे चार खणांत व ऑस्ट्रियाचे चिन्ह मधोमध बसवलेले आहे. बुरगाउसारख्या लहानशा प्रांताला येथे स्थान मिळाले, कारण मूळ नमुना त्याच प्रांतातील ग्युन्झबुर्गच्या टांकसाळीचा होता. राणीच्या प्रतिमेखालील 'एस. एफ.' ही अक्षरे तेथील श्योबल आणि फाबी या टांकसाळ अधिकाऱ्यांची आहेत. एका ढालीवरून सत्तेचा आणि टांकसाळीचा असा दुहेरी माग काढता येतो, हे मला या नाण्याचे सर्वांत मोठे मोल वाटते. मात्र नाण्यावरील १७८० या सालावर विसंबू नये. राणी त्याच वर्षी वारली, तरी तेच साल कायम ठेवून ही नाणी पुढे व्हिएन्ना, लंडन, रोम आणि १९४०-४१मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली.

१७३२ ते १७७२ या काळात मेक्सिको, लिमा यांसारख्या स्पॅनिश अमेरिकेतील टांकसाळींत पाडलेल्या रियालवरील साल मात्र खरोखर पाडल्याचे असते. त्याच्या ढालीत कॅस्टिलचा किल्ला, लिऑनचा सिंह, तळाशी ग्रॅनाडाचे डाळिंब आणि मध्यभागी स्पेनच्या बूर्बाँ राजघराण्याची तीन लिलीपुष्पे आहेत. दुसऱ्या बाजूस समुद्रातून वर आलेल्या हर्क्युलिसच्या दोन स्तंभांमध्ये (म्हणजे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या प्रतीकांमध्ये) मुकुटाखाली पृथ्वीचे दोन गोलार्ध दिसतात. रेखाटन म्हणून ही बाजू थेलरपेक्षा निःसंशय सुंदर आहे. वजनाने थेलर (२८.०७ ग्रॅम) रियालपेक्षा (२७.०७ ग्रॅम) जड असले, तरी शुद्ध चांदी थेलरमध्ये सुमारे २३.४ आणि रियालमध्ये सुमारे २४.८ ग्रॅम असते.

तरीही पहिली खरेदी म्हणून मी थेलरच सुचवेन. उत्तरकालीन थेलर चांदीच्या भावाच्या जवळपास मिळते आणि त्यावरील प्रत्येक खण स्पष्ट वाचता येतो. रियालची किंमत बरीच अधिक असते आणि त्याच्या बनावट प्रतीही पुष्कळ आहेत, त्यामुळे वजन आणि कडेवरील पाकळ्यांची नक्षी प्रत्यक्ष तपासल्याखेरीज ते घेऊ नये.