पोलो जीटीचे टायर बदलताना: १८५ की १९५?

भाच्याने गेल्या महिन्यात २०१६ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (टर्बो पेट्रोल) जुन्या बाजारातून उचलली. गाडी चांगली आहे, टायर संपलेत. त्याचा फोन आला, "मामा, सगळे म्हणतात १९५ टाक. टाकू?"

फोनवर हो-नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण माझ्याकडे हीच गाडी २०१४पासून आहे आणि टायरचे तीन संच झालेत. पहिला कंपनीचाच, १८५/६० आर१५. (म्हणजे टायर १८५ मिलिमीटर रुंद, त्याची बाजूची भिंत रुंदीच्या ६० टक्के उंच, आणि रिम १५ इंची.) दुसऱ्या वेळी मीही 'सगळे म्हणतात' ऐकून १९५/६० आर१५ टाकले. तिसऱ्या वेळी परत १८५/६०. दोन्ही मापं स्वतः वापरून झालीत, त्यामुळे थोडं सविस्तर सांगावं म्हटलं. याच प्रश्नात अडकलेल्या इतरांनाही कदाचित उपयोग होईल.

हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की खऱ्या स्पोर्ट्स कारवाले हसतात. हसोत. चाकणला तयार झालेली, १०५ पीएस ताकदीची, इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असतानाच १७५ न्यूटन मीटर टॉर्क (ओढ) हातात देणारी छोटी गाडी ताम्हिणी घाटाच्या वळणांवर काय करते ते चालवणाऱ्याला ठाऊक आहे. त्यामुळे 'फॅमिली हॅचबॅकला काहीही टाका' हा सल्ला इथे चालत नाही.

हा सगळा खल १५ इंची रिमवाल्यांसाठी. २०१७नंतरच्या जीटीला कंपनीनेच १९५/५५ आर१६ दिले होते. ती गाडी असेल तर तेच माप परत टाका आणि चहा प्यायला जा.

आधी थोडं गणित, कारण दुकानात बरेचदा 'एक साइज मोठा' एवढंच सांगतात. १८५/६० आर१५चा बाहेरचा व्यास ६०३ मिलिमीटर. १९५/६० आर१५चा ६१५, म्हणजे दोन टक्के जास्त. १९५/५५ आर१६चा ६२१, म्हणजे तीन टक्के. तीन टक्क्यांपर्यंत गेलं तर चालतं असं बहुतेक जण मानतात, तेव्हा कागदावर दोन्ही पर्याय बसतात. आकड्यात दहाचा फरक दिसतो म्हणून १९५ फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक टायर सेंटिमीटरभर रुंद आणि गाडी सहा मिलिमीटर वर, एवढाच हा मामला.

१९५/६०वर मी जवळपास ४० हजार किलोमीटर काढले, तेव्हा त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. दिसायला गाडी भरदार होते. मागची चाकं कमानीत नीट बसतात. १८५वर ती मला कायम थोडी उपाशी वाटायची. आमच्या सोसायटीच्या दारातला गतिरोधक कुणी कशासाठी एवढा उंच केलाय देव जाणे, पण चार माणसं आणि सामान घेऊन त्यावरून जाताना खालून येणारा खर्र आवाज १९५वर बंद झाला. खड्ड्यात टायर आपटला तरी धक्का बोथट लागायचा. एक्सप्रेसवेवर गाडी अंमळ जास्त ठाम वाटायची, ट्रकच्या बाजूने जाताना वाऱ्याने कमी हलायची. हे खरंच रुंदीमुळे होतं की टायर नवे होते म्हणून, याची मला शंका आहे. झिजलेल्या टायरनंतर कुठलाही नवा टायर स्वर्ग वाटतो. बहुतेक कौतुकं पहिल्या पाचशे किलोमीटरमध्येच लिहिली जातात, तेव्हा ती थोडी कमी करूनच धरावीत.

आणखी एक गंमत. या गाडीचा स्पीडोमीटर मुळातच वाढवून सांगतो. माझ्या गाडीत काटा १०० वर असताना फोनचं जीपीएस ९५ दाखवायचं. १९५वर ते ९७ झालं. म्हणजे मोठ्या टायरने काटा खोटा न होता उलट थोडा खराच झाला. मात्र याची दुसरी बाजू अशी की ओडोमीटरही कमी मोजू लागतो. अॅव्हरेज साडेचौदावरून चौदावर आलं म्हणून मी हळहळलो होतो. नंतर लक्षात आलं, त्यातला ०.३चा फरक नुसत्या मोजणीचा आहे, पेट्रोलचा नव्हे. 'टायर मोठे केले आणि अॅव्हरेज पडलं' अशी तक्रार ऐकलीत तर ही वजाबाकी आधी करा.

खटकलेल्या गोष्टी बारीक होत्या. शहरात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, गाडी उचलताना किंचित आळसावल्यासारखी. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलून ताकद वाढवणारा भाग) जागा झाला की फरक कळत नाही, पण कोथरूड ते स्वारगेट जाताना टर्बोला जागं व्हायला वाव कुठे मिळतो? स्टिअरिंगच्या मधल्या बोटभर जागेत पूर्वीची धार नव्हती. वळणावर गाडी ऐकायची, पण आधी 'काय म्हणालात?' असं विचारून. टायरची भिंत जास्त उंच, त्यामुळे हे होणारच. माझ्या बायकोला यातलं काहीही जाणवलं नाही, आणि ती माझ्यापेक्षा बरी गाडी चालवते. तेव्हा या परिच्छेदाला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा.

पकडीबद्दल एक समज मात्र खोडायला हवा. रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर लागतं, असं आपण सरसकट धरतो. गाडीचं वजन तेच आणि हवा तीच असेल तर रस्त्याला टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. त्याचा आकार आडवा पसरतो, एवढंच. कोरड्या वळणावर त्याचा थोडा फायदा आहे. साचलेल्या पाण्यावर उलट अरुंद टायर पाणी कापून जातो आणि रुंद टायर तरंगायला लवकर तयार होतो. सेंटिमीटरभर फरकात हे कितपत जाणवेल ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पावसाळ्यात मुळशीच्या पुढे जाणाऱ्याने रुंदीपेक्षा रबराच्या प्रतीवर पैसे घालावेत, असं मला वाटतं. तिसऱ्या संचात मी तेच केलं: माप लहान, रबर एक पायरी वरचं. बिल जवळजवळ १९५एवढंच झालं.

एवढ्यावर निकाल दिला असता तर तो बरोबरीचाच होता. पारडं फिरलं ते स्टेपनीमुळे.

१९५ टाकताना आपण चार टायर घेतो. पाचवा, डिकीतला, १८५च राहतो. दुकानात मला कुणी काही बोललं नाही, आणि मलाही सुचलं नाही. "स्टेपनी तर नवीच आहे साहेब, राहू द्या," एवढंच झालं. दीड वर्ष ती तशीच राहिली.

मग एका ऑक्टोबरात दिवेआगरहून परत येताना ताम्हिणीत पुढचं डावं चाक बसलं. डिकीत तीस नारळ, सुपारीची पिशवी, सासूबाईंनी हौसेने घेतलेले दोन सुरण. सगळं रस्त्याच्या कडेला मांडलं, स्टेपनी काढली, आणि चाकाशी धरल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद जाते. तिथे एका बाजूला ६१५चं आणि दुसऱ्या बाजूला ६०३चं चाक लावलं, तर हिशेबाने लहान चाक किलोमीटरमागे दहा फेऱ्या जास्त मारणार. पुण्यापर्यंत ६०-७० किलोमीटर. सरळ रस्त्यावरही डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) सतत वळणावर असल्यासारखं फिरत राहणार, आणि एबीएस-ईएसपीचे (चाक जाम होऊ न देणाऱ्या, गाडी घसरताना सावरणाऱ्या यंत्रणांचे) सेन्सर दोन चाकांचे दोन वेग वाचत बसणार. लगेच काही तुटतं असं नाही. पण घाटातून, भरल्या गाडीने, डीएसजीचा (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असताना मला ते करवेना.

उपाय सगळ्यांना माहीत असलेलाच: मागचं चांगलं चाक काढून पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे लावायची. म्हणजे गाडी दोनदा जॅकवर चढवायची. पाचऐवजी दहा बोल्ट. आणि ज्यांनी या गाडीचं चाक स्वतः बदललं आहे त्यांना कळेल, इथे हबमधून बाहेर आलेले स्टड नाहीत की चाक अडकवलं आणि नट फिरवले. बोल्ट बाहेरून आत जातात. चाक एका हाताने उचलून धरायचं, भोकाला भोक जुळवायचं, आणि दुसऱ्या हाताने पहिला बोल्ट पकडवायचा. तो हुकला की चाक खाली. हे एकदा ठीक आहे. दोनदा, दुपारी दोनच्या उन्हात, सासूबाई दगडावर छत्री धरून "अजून किती वेळ हो?" विचारत असताना, माझ्या तोंडात जे शब्द आले ते मी गिळले. तासभर गेला. एक सुरण तिथेच राहिला.

आता कुणी म्हणेल, वर्षा-दोन वर्षांतून एकदा होणारी गोष्ट, तिच्यासाठी माप ठरवायचं? रास्त प्रश्न आहे. पण त्या दिवसानंतर मला स्टेपनीचं दुसरं दुखणंही दिसू लागलं. माप वेगळं म्हणून ती टायरच्या जागा बदलण्याच्या फिरवाफिरवीत कधी येतच नाही. चार टायर झिजतात, पाचवा डिकीत नुसता म्हातारा होतो. माझा पहिला पाचवा टायर जेमतेम त्या ६०-७० किलोमीटरपुरता रस्त्याला लागला, बाकी अंधारात कडक होत पडला आणि शेवटी तसाच भंगारात गेला. आज पाचही सारखे असल्याने दर दहा हजारांना मी पाचांची फेरी लावतो. या टायरच्या खुणांना दिशा नाही, त्यामुळे कुठलाही कुठेही जातो. प्रत्येक टायरला पाळीपाळीने सुट्टी मिळते, संच जास्त दिवस पुरतो, आणि डिकीतला टायर कायम चालता-फिरता असतो.

पाच १९५ घेणार असाल तर माझा अर्ध्याहून अधिक मुद्दा गळाला, हे मान्य. डिकीतल्या खड्ड्यात तो बसतो का हे तेवढं घेण्याआधी प्रत्यक्ष ठेवून बघा. झाकण उचललं गेलं तर सामान कायम डुगडुगतं. वर्षाचे बाराही महिने खराब रस्त्यावर गाडी असेल, तळ घासत असेल, तर पाच १९५ ही वाईट निवड नाही. मी स्वतः कोकणातल्या आतल्या रस्त्याला राहत असतो तर कदाचित तेच केलं असतं.

१६ इंची अलॉयचं थोडक्यात उरकतो, कारण भाच्याचा जीव खरा तिथे अडकलाय. 'सोळा इंच म्हणजे पातळ टायर, खड्ड्यात फुगा येणार' असं त्याचे मित्र घाबरवतात. १९५/५५ आर१६ची भिंत १०७ मिलिमीटर, मूळ १८५/६० आर१५ची १११. चार मिलिमीटरचा फरक, तेवढ्याने आभाळ कोसळत नाही. आय-ट्वेन्टी आणि बलेनोच्या वरच्या मॉडेलना हेच माप असल्याने ते कुठेही मिळतं, हा त्याचा मोठा गुण. पण रिमचा खर्च वेगळा, चाक जड, आणि स्टेपनीशी फरक दोनाऐवजी तीन टक्क्यांचा. माझं मत काय असेल ते आता तुम्हाला कळलंच आहे. पाच भोकांचं, १०० मिलिमीटर पीसीडीचं (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) रिम नीट तपासून घ्या, 'बसतं हो' म्हणणाऱ्यावर जाऊ नका.

१८५/६० आर१५चीही एक अडचण आहे. हे माप पोलो, व्हेंटो, रॅपिड अशा गाड्यांचं, आणि या तिन्ही गाड्या नव्या येणं बंद झालं. माल मिळतो, पण १९५/५५ आर१६सारखा भराभर खपत नाही, त्यामुळे दुकानात दीड-दोन वर्षं पडून राहिलेला टायर हाती लागू शकतो. त्यात जून २०२०पासून बाहेरून टायर आणायला परवाना लागतो, म्हणून पूर्वी सहज मिळणारे काही आयात पॅटर्न गायब झाले. भिंतीवरचे, टायर कोणत्या आठवड्यात आणि वर्षी बनला ते सांगणारे चार आकडे पाचही टायरवर स्वतः वाचा. मला एकदा चार ताजे आणि एक जुना देण्याचा प्रयत्न झाला होता. तो जुना अर्थातच स्टेपनीसाठी.

भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं, चहा प्यायला, आणि म्हणाला, "पण मामा, १९५ दिसतो भारी." दिसतो खरा. शनिवारी तो माझी गाडी ताम्हिणीपर्यंत चालवून बघणार आहे, मग ठरवेल. दरम्यान त्याच्या डिकीतली स्टेपनी आम्ही काढून बघितली: २०१६च्या सुरुवातीची, खुणांवरचे रबरी केस अजून तसेच, आणि हवा निम्मीसुद्धा नाही.