मूस परमिटची लॉटरी: पाचपैकी चार स्टार, दादा म्हणेल दोन

आधीच सांगते, मी शिकार करत नाही, कर्वेनगरात राहते आणि मूस नावाचा प्राणी आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तरी हा रिव्ह्यू लिहायचा हक्क माझाच आहे कारण अमेरिकेतल्या मेन राज्याचा मूसच्या शिकारीचा फॉर्म गेली आठ वर्षं मी भरतेय, दादाच्या नावाने. दादा तिकडेच असतो, तिकडचाच नागरिक झालाय, पण फॉर्म म्हटलं की त्याला पुण्यातली बहीण आठवते. म्हाडा असो, भाचीचं आरटीई असो, काकांचा पासपोर्ट, ताडोबाची सफारी, सगळं माझ्या लॅपटॉपवरून जातं. तेव्हा सरकारी लॉटरी कशी असते हे मला कोणी शिकवू नये.

मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, कात्रजला आपण सांबर बघून "केवढं हे" म्हणतो ना, त्याच्या कितीतरी पुढे, मोठा नर साडेचारशे किलोच्या आसपास जातो. आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली मूस तर सोनाराकडे असते, सोनं वितळवायची, तिची कसली शिकार करतोय हा. मेनमध्ये हे साधारण साठ हजार आहेत, अलास्का सोडला तर अमेरिकेत इतके दुसरीकडे कुठेच नाहीत. तिथे १९३५ ला शिकार बंद केली होती, ती १९८० मध्ये ७०० परमिटं काढून परत सुरू केली. आता वर्षाला चार हजारांच्या आसपास परमिटं निघतात आणि अर्ज येतात साठ हजारांच्या वर. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर कोथरूडमध्ये म्हाडाचा फ्लॅट.

आता सर्व्हिसबद्दल. फॉर्म छान आहे. खरंच छान आहे, उगाच कौतुक करत नाहीये. १५ डॉलर भरायचे, तेवढीच फी, अनामत रक्कम नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, नोटरी नाही, आणि नंबर लागला तरच परमिटचे पैसे, तिथल्या रहिवाशाला ५२ डॉलर आणि बाहेरच्याला ५८५. बाहेरच्यांनी जास्त पैसे भरले तर जास्त चिठ्ठ्या मिळतात, १५ ला एक, २५ ला तीन, ३५ ला सहा आणि ५५ ला दहा, रहिवाशाला मात्र एकच. हे वाचून मला जरा खटकलं होतं, म्हटलं हा पैशाचा खेळ झाला, पण मग कळलं बाहेरच्यांचा एकूण वाटाच दहा टक्क्यांच्या आत ठेवलाय, म्हणजे कितीही चिठ्ठ्या घ्या, भांडण आपापसातच.

मला सगळ्यात आवडलं ते बोनस पॉइंट. नंबर लागला नाही की पॉइंट जमा होतो, पहिली पाच वर्षं वर्षाला एक, सहाव्यापासून दहाव्यापर्यंत दोन दोन, पुढे तीन, सोळाव्यापासून चार. एखादं वर्ष फॉर्म राहिला तरी पॉइंट जात नाहीत. म्हणजे रांगेत उभं राहिलेल्या माणसाची कोणीतरी नोंद ठेवतंय. दादाचे सात वर्षांचे नऊ झाले होते. आपल्याकडच्या लॉटऱ्यांत हे आणा रे कोणीतरी.

वेळेचं मात्र लक्षात ठेवा. मेच्या मध्यावर शेवटची तारीख असते, तिकडची रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९. मी दरवर्षी शेवटच्या सकाळीच भरते, एका हाताने डबा भरत. पहिल्या वर्षी माझ्या बँकेने परदेशी व्यवहार म्हणून कार्ड अडवलं आणि कस्टमर केअरवाला विचारतोय मॅडम पेमेंट कशासाठी आहे, आणि मी ९:१५ ला हिंजवडीच्या बसस्टॉपवर उभी राहून ओरडतेय मूस, मूस, मोठं हरीण असतं. शेवटी मैत्रिणीच्या कार्डावरून भरले. आठ वर्षांचे १२० डॉलर झालेत, दादाने अजून एकही दिलेला नाही, पण तो रिव्ह्यू वेगळा लिहीन.

तर घोळ झाला तो इथे. फॉर्ममध्ये विचारतात की कुठला विभाग हवा, राज्याचे २९ विभाग पाडलेत, कुठला सीझन हवा, नर की शिंगं नसलेला म्हणजे मुख्यतः मादी, आणि शेवटी एक प्रश्न असतो की तुमच्या पसंतीचं शिल्लक नसेल तर दुसरं चालेल का. मी आठव्या वर्षी "चालेल" केलं. सात वर्षं "नाही" करून काय दिवे लागले होते? जूनमध्ये सोडत निघाली, तिकडे तो मोठा सोहळा असतो, नावं वाचून दाखवतात, लोक पोराबाळांना घेऊन येतात. दादाचं नाव निघालं. मादीचं परमिट, ऑक्टोबर अखेरचं, उत्तरेकडच्या जंगलातलं.

दादाने हॉलमधली भिंत मोकळी ठेवली होती हो शिंगांसाठी. वहिनी खूष, कारण तिला तिथे वारली पेंटिंग लावायचं होतं. दादा माझ्याशी चार दिवस बोलला नाही. म्हणाला, तुला एक बॉक्स नीट टिक करता येत नाही, टेस्टर आहेस ना तू. आई वेगळ्याच कारणाने चिडली. आमच्याकडे मटण दर रविवारी असतं, ती काही सोवळ्यातली नाही, पण तिचं म्हणणं, नराचं एकवेळ ठीक, मादीला कोण मारतं, ती पोटुशी असली तर?

मला वाटलं ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत पाहिजे, टिक मी केली होती. मग महिनाभर रात्री बसून वाचलं आणि जे कळलं ते असं की तिथल्या मूसचा खरा शत्रू बंदूक नाहीये, गोचीड आहे. आपल्या गुरांना असते तसलीच, पण ही हिवाळी गोचीड. बाकीच्या बऱ्याच गोचिडी लहानाच्या मोठ्या होईपर्यंत अंगं बदलत राहतात, ही एकदा सप्टेंबर-ऑक्टोबरात चढली की एप्रिलपर्यंत त्याच जनावरावर राहते. खसखशीएवढी पिल्लं झुडपाच्या शेंड्यावर घोळक्याने, एकमेकांना धरून लोंबकळत बसतात आणि मूस घासून गेला की अख्खा घोळकाच्या घोळका अंगावर. मूसच्या एका पिल्लावर चाळीस-पन्नास हजार सापडल्यात. हजार, शेकडे नाही! मार्चमध्ये गोचिडीच्या सगळ्या माद्या फुगेपर्यंत रक्त पितात आणि मूसचं नऊ-दहा महिन्यांचं पिल्लू, आधीच हिवाळ्याने वाळलेलं, त्याच्यात रक्तच उरत नाही. मोठी जनावरं वाचतात पण खाजवून खाजवून केस जातात, पांढरट दिसायला लागतात, तिकडे त्यांना भूत मूसच म्हणतात. २०२२ मध्ये मेनमध्ये रेडिओ कॉलर लावलेल्या मूसच्या पिल्लांपैकी ८६ टक्के पिल्लं वसंतापर्यंत मेली. हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप बंद केला.

पूर्वी बर्फ लवकर पडायचा, झुडपावरची गोचिडीची पिल्लं मरायची. आता थंडी उशिरा येते, त्यांना वाट बघायला जास्त दिवस मिळतात. आणि मूस जितके दाट तितक्या गोचिडी जास्त, आमच्या शाळेत एका बाकावर तिघी बसायचो आणि एकीच्या उवा तिघींना व्हायच्या तसंच. म्हणून त्या लोकांनी विचार असा केला की कळप थोडा विरळ केला तर गोचिडी कमी होतील, आणि मूसची राहिलेली पिल्लं तरी जगतील. कळप विरळ करायचा तर नर मारून उपयोग नाही, माद्या कमी कराव्या लागतात. ४ नंबरच्या विभागाचे दोन भाग करून २०२१ पासून पाच वर्षांचा प्रयोगच लावला, ४ए नावाच्या अर्ध्या भागात जास्त परमिटं आणि उरलेला अर्धा तुलनेसाठी तसाच. मला हे पटलं का? डोक्याला पटलं. आईला समजावताना मात्र माझंच वाक्य मधे तुटलं.

दुसरं टोकही आहे. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात २००६ ला ८,८०० च्या आसपास मूस होते, २०१३ ला २,७६० वर आले आणि त्याच वर्षी त्यांनी परमिटं देणंच बंद केलं. तिथे गोचिडीबरोबर एक मेंदूतली अळी पण आहे, ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाकडून येते, गोगलगायीमार्फत, हरणाला काही होत नाही आणि मूस मात्र गोल गोल फिरत मरतो. तेव्हा परमिटचा आकडा जिथे दरवर्षी बदलतो तिथे कोणीतरी मोजतंय असं समजायचं, एवढं मला कळायला लागलंय.

शिकारीचं मी फार सांगणार नाही, मी नव्हते. दादा आणि त्याचा शेजारी गेले, शेजाऱ्याचं नाव फॉर्ममध्ये जोडीदार म्हणून मीच टाकलं होतं, तिसऱ्या दिवशी मिळाली, ओढून काढायला सहा तास लागले.

पण नोंदणीचं ठिकाण मी बघितलं, व्हिडिओ कॉलवर. तिकडे सकाळचे दहा, इकडे संध्याकाळचे साडेसात, आई चपात्या लाटतेय आणि मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलाय. जनावर तिथे न्यावंच लागतं. त्या दिवशी तिथल्या वन्यजीव खात्याची एक मुलगी तिथे होती, विशीतली असेल, हातमोजे, टोपी, तिने पहिल्यांदा पुढचा एक दात उपटून छोट्या पाकिटात टाकला, झाडाची वलयं मोजतात तशी दाताच्या मुळाशी वलयं असतात, त्यावरून वय कळतं. मग गोचिडी मोजायला बसली. मान, खांदा, बरगड्या, मागचा भाग, ठरलेल्या जागी केस दुभंगून भांग पाडायची आणि ओळीने मोजायची, हातात क्लिकर. आई लाटणं तसंच धरून स्क्रीनजवळ आली आणि म्हणाली, अगं ही तर उवा बघतेय. आजी आम्हाला पायरीवर बसवून बघायची, अगदी तश्शीच, मान वाकडी करून, ओठ घट्ट मिटून. मादी असेल तर अंडाशय पण मागतात, त्यावरून ती माजावर आली होती का, किती बीजं सुटली हे कळतं. दादाने ते झिपवाल्या पिशवीत आणलं होतं. आईने पाठवलेली लोणच्याची बरणी न्यायला निघाला होता, वहिनीने दारातच काढून घेतली.

त्या मुलीचं मोजून झालं तेव्हा दादाने विचारलं किती, ती म्हणाली कमी आहेत, पलीकडच्या ट्रकमधल्या नराच्या मानाने बऱ्याच कमी. दादा एवढा फुगला की जसं काय त्यानेच त्या काढून ठेवल्या होत्या.

मटण दोन घरांत वाटलं, शिवाय शेजारच्या एका म्हातारीला. वहिनीने कांदा-लसूण मसाला घालून खिमा केला, म्हणाली चरबी नाहीच, तेल सढळ घालावं लागतं आणि कुकरला सात शिट्ट्या.

तर स्टार. फॉर्मला पाच. बोनस पॉइंटला पाच. माहितीला पाच, कारण परमिटं किती आणि का हे विभागवार सांगतात. एक स्टार कापला तो त्या "चालेल का" प्रश्नासाठी, त्या ओळीखाली मोठ्या अक्षरांत लिहायला हवं की भाऊ भिंत मोकळी ठेवून बसलेला असेल तर विचार करून टिक करा. आपल्या इथल्या कोणाचं कोणी तिकडे असेल आणि फॉर्म तुमच्यावर ढकलत असेल तर दोनच गोष्टी, कार्ड परदेशी व्यवहाराला चालू आहे का ते आदल्या दिवशी बघा, आणि तो शेवटचा प्रश्न फोनवर मोठ्याने वाचून दाखवा, उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. नंबर लागला की पुढची काही वर्षं अर्ज करता येत नाही, म्हणजे मला सुट्टी.

दाताचा रिझल्ट यायला बरेच महिने लागतात, मग साइटवर टाकतात. आई दर पंधरा दिवसांनी विचारते, किती वर्षांची होती गं ती. दादाला लॉगिन माहीत नाही, मीच बघते, चहा गॅसवर ठेवून. अजून आलेला नाही.