एलडॅपची नोंद जावा ऑब्जेक्टमध्ये भरायची, तर कुठला मॅपर घ्यावा?

एलडॅपवर (कर्मचाऱ्यांसारख्या नोंदी ठेवणाऱ्या डिरेक्टरीशी बोलायची पद्धत) सर्च मारली की हातात तयार ‘कर्मचारी’ ऑब्जेक्ट पडत नाही. एक नोंद येते: तिचा डीएन (डिरेक्टरीतला पूर्ण पत्ता) आणि त्याखाली अ‍ॅट्रिब्यूट्सचा गठ्ठा. म्हणजे नाव, मेल, फोन असे माहितीचे तुकडे. कुणाला एक व्हॅल्यू, कुणाला पाच, आणि काही अ‍ॅट्रिब्यूट त्या नोंदीत मुळात नसतातच. टेबलातल्या रांगेची सवय असलेल्या माणसाची पहिली ठेच इथेच लागते.

स्प्रिंग एलडॅप या जावा लायब्ररीत हा गठ्ठा ऑब्जेक्टमध्ये ओतायचे तीन मार्ग आहेत: अ‍ॅट्रिब्यूट्समॅपर, कॉन्टेक्स्टमॅपर आणि ओडीएम (ऑब्जेक्ट-डिरेक्टरी मॅपिंग). नुसत्या जेएनडीआयवर (जावातल्या मूळ डिरेक्टरी एपीआयवर) हाताने सगळं लिहिणं हा चौथा, पण नव्या कामासाठी त्याच्या नादी लागू नका. कनेक्शन उघडा, बंद करा, एक्सेप्शन पकडा, यातच अर्धी फाइल भरते.

अ‍ॅट्रिब्यूट्समॅपर सगळ्यात हलका. एक मेथड लिहायची, तिला अ‍ॅट्रिब्यूट्स मिळतात, त्यातून ऑब्जेक्ट बनवून परत द्यायचा. नाव आणि मेल एवढीच ड्रॉपडाउनची यादी हवी असेल तर पुरेसा. पण आत ‘अ‍ॅट्रिब्यूट्स.गेट’ने मेल मागून त्याच ओळीत पुढचा ‘गेट’ लावला की सुरुंग पेरलाच म्हणायचा. अंधेरीच्या ऑफिसात आमची यादी टेस्टिंगमध्ये झकास चालली, कारण टेस्टच्या नोंदी आम्हीच, मेलसकट, भरलेल्या. खऱ्या डेटावर ती पहिल्याच वॉचमनच्या नोंदीवर आपटली. त्याला गेटपासपुरता आयडी दिलेला, मेल नव्हताच. पहिला ‘गेट’ नल (म्हणजे काहीच नाही) देतो, दुसरा नल पॉइंटर एरर. शिवाय या मॅपरला डीएन मिळत नाही. आज नको वाटतो, पण दोन महिन्यांनी कुणीतरी ‘शाखेचं नावही दाखवा’ म्हणतंच, आणि शाखा बहुतेक वेळा डीएनमध्येच असते.

कॉन्टेक्स्टमॅपरमध्ये हे दोन्ही प्रश्न मिटतात. हातात डिरकॉन्टेक्स्टअ‍ॅडॅप्टर येतो. ‘गेटस्ट्रिंगअ‍ॅट्रिब्यूट’ म्हणायचं, अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर शांतपणे नल. अनेक व्हॅल्यूंसाठी त्याचंच अनेकवचनी रूप आहे, तेही काही नसेल तर रिकामा अ‍ॅरे नव्हे, नलच देतं, तेवढं लक्षात ठेवा. डीएनही मिळतो. फक्त तो ऑब्जेक्टची ओळख म्हणून डेटाबेसात साठवू नका. दादर शाखेतल्या बाईंची वाशीला बदली झाली, अ‍ॅडमिनने नोंद एका ओयूतून (डिरेक्टरीतल्या विभागाच्या कप्प्यातून) दुसऱ्यात हलवली, की डीएन बदलला. बिऱ्हाड हललं, माणूस तोच. ओळखीसाठी मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ऑब्जेक्टजीयूआयडी घ्या, ओपनएलडॅप या ओपन सोर्स सर्व्हरमध्ये एंट्रीयूयूआयडी. पहिला 16 बाइट्सचा असतो आणि तो बायनरी आहे हे जावाला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर स्ट्रिंग समजून त्याचा चुराडा होतो. दुसरा नाव घेऊन मागितल्याशिवाय मिळत नाही.

ओडीएम दिसायला सगळ्यात देखणा. क्लासवर एंट्री, डीएनच्या फील्डवर आयडी, बाकीच्या फील्डवर अ‍ॅट्रिब्यूट अशी अ‍ॅनोटेशन लावली की मॅपर लिहायलाच नको. जेपीए (डेटाबेसातल्या टेबलांसाठीची जावातली अशीच सोय) वापरणाऱ्याला घरच्यासारखं वाटतं, आणि तिथेच घात होतो. आम्ही मोबाइल नंबर साध्या स्ट्रिंग फील्डला जोडला होता. एका साहेबांच्या नोंदीत दोन नंबर होते. वाचताना ओडीएमने त्यातला एक उचलला. ना एरर, ना वॉर्निंग. स्क्रीनवर कुणीतरी साहेबांचं पद दुरुस्त करून सेव्ह केलं, आणि अपडेटने डिरेक्टरीतही एकच नंबर ठेवला. हात लावला पदाला, गेला नंबर. लिस्ट फील्ड केली असती तर हे झालं नसतं. नलचंही तसंच: जोडलेलं फील्ड नल ठेवून अपडेट केलंत तर ते अ‍ॅट्रिब्यूट नोंदीतून जातं. जे फील्ड क्लासमध्ये नाहीच, त्याला मात्र धक्का लागत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. स्कीमा (नोंदीत काय काय असावं याचे नियम) तुमच्या ताब्यात असेल, वाचणं आणि लिहिणं दोन्ही करायचं असेल, तर ओडीएम खुशाल घ्या. डिरेक्टरी दुसऱ्या विभागाची आणि तुम्ही फक्त वाचणारे (मुंबईतल्या बहुतेक मोठ्या ऑफिसांत हेच चित्र दिसतं), तर कॉन्टेक्स्टमॅपर. मधूनच एखादं अ‍ॅट्रिब्यूट लिहायचं असेल तरी तोच अ‍ॅडॅप्टर पुरतो: ‘लुकअपकॉन्टेक्स्ट’ने नोंद उचलायची, व्हॅल्यू बदलायची, ‘मॉडिफायअ‍ॅट्रिब्यूट्स’ करायचं. बदललेलं तेवढंच सर्व्हरकडे जातं.

कुठलाही मॅपर घेतलात तरी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी एका सर्चला मुळात 1000 नोंदींवर हात आखडते. पुढच्या हव्यात तर पानापानाने मागा, आणि सगळी पानं एकाच कनेक्शनवर. तिथेच दुसरी गंमत: ऑब्जेक्टक्लास (नोंदीचा प्रकार) यूजर असा फिल्टर लावलात तर माणसांबरोबर ऑफिसातले कॉम्प्युटरही येतात, कारण तिथे कॉम्प्युटर हा यूजरचाच उपप्रकार आहे. ऑब्जेक्टकॅटेगरी पर्सन जोडा.

क्लास लिहायच्या आधी दोन नोंदी एलडीआयएफमध्ये (साध्या मजकुराच्या फाइलीत) काढून शेजारी ठेवा, एक वॉचमनची, एक मोठ्या साहेबांची. एकीत जी ओळ नाही तिथे नलची सोय, दुसरीत जे नाव दोनदा आलंय तिथे लिस्ट. आडनावाच्या जागी नुसतं टिंब दिसलं तर दचकू नका. एलडॅपच्या प्रमाण स्कीमात पर्सन या ऑब्जेक्टक्लासला आडनाव सक्तीचं आहे, आणि एकच नाव लावणारी मंडळी मुंबईत काही कमी नाहीत. नाव देवनागरीत भरलेलं असेल तर सीएन या नावाच्या ओळीत पुढे दोन कोलन आणि मग अगम्य इंग्रजी अक्षरं येतील. डेटा बिघडलेला नाही, ते बेस64 आहे, म्हणजे तोच मजकूर साध्या अक्षरांत गुंडाळलेला. मॅपरला नाव नीट मराठीतच मिळतं.