रेपोशी जोडलेलं गृहकर्ज: रत्नागिरी-सिंधुदुर्गात घर बांधणाऱ्यांसाठी

चिऱ्याचं घर बांधायला बहुतेक बँका हेच कर्ज पुढे करतात. पारदर्शक आहे, पण व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या हातात: रेपो म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, महागाई चढली की ती तो वाढवते आणि तुमचा दरही चढतो. तिचं लक्ष्य 4 टक्के महागाई, दोन टक्के इकडेतिकडे.

2022 मध्ये जानेवारीपासूनच महागाई 6 टक्क्यांवर होती. पहिली रेपोवाढ 4 मे रोजी, तीही ठरलेल्या बैठकीबाहेर. मग फेब्रुवारी 2023 पर्यंत 4 वरून थेट 6.50. दरवाढीचा परिणाम दिसायला काही तिमाह्या लागतात, म्हणून आधीच थोडं थोडं वाढवलेलं कर्जदाराला बरं. मात्र मासेमारी बंदीत सुरमई कडाडली म्हणून रेपो वाढवून काय होणार? होड्या किनाऱ्यालाच. पण भाडं, मजुरी, वाहतूक सगळंच चढायला लागलं, तर थांबण्यात अर्थ नाही.

आता हिशेब. 20 लाख, 20 वर्षं, 7 टक्के: हप्ता 15,506. दर 9.5 झाला की 18,643. सुरुवातीलाच दर एवढा चढला आणि हप्ता जुनाच ठेवला, तर महिन्याचं व्याजच 15,833. मुद्दल फिटायचं सोडून वाढतं! ऑगस्ट 2023 च्या नियमांनुसार बँकेने असं होऊ द्यायचं नाही, आणि दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे तुम्हाला विचारायचं. हप्ता वाढवा. आंब्याचे पैसे मे-जूनमध्ये हातात आले की थोडं मुद्दल फेडा. वैयक्तिक बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही.

या कर्जाला पाचपैकी साडेतीन गुण.