अँटिमनी ट्रायऑक्साइडच्या नावाखाली खडू आणि बेरियम : रबाळ्यातला अनुभव

रबाळे एमआयडीसीत आमचं केबलसाठी पीव्हीसी कंपाउंड बनवायचं छोटं युनिट आहे. अँटिमनी ट्रायऑक्साइड म्हणजे केबलचं आवरण पेट घेऊ नये म्हणून पीव्हीसीत घालायची, अँटिमनी धातूची पांढरी पावडर. तिच्या खरेदीत आम्हाला पद्धतशीर गंडवलं गेलं. तुर्भे, महापे, वागळे इस्टेट इथं हाच माल वापरणारे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

चीननं सप्टेंबर 2024 मध्ये अँटिमनीच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि डिसेंबरात अमेरिकेला होणारी निर्यात बंदच केली. वर्षाच्या सुरुवातीला टनाला साधारण 12 हजार डॉलर असलेला धातू वर्षअखेर तिपटीच्या वर गेला. आपल्या नेहमीच्या पुरवठादारांनी हात वर केले. नेमका तेव्हाच एका व्यापाऱ्याचा फोन आला: "साहेब, न्हावाशेव्याला उतरलेला माल आहे. भाव बाजारापेक्षा थोडा कमी लावतो, पण अर्धे पैसे आधी." सॅम्पल आलं, सोबत उत्पादकाचं टेस्ट सर्टिफिकेट. आम्ही सॅम्पल बाहेरच्या लॅबमध्ये तपासून घेतलं, शुद्धता 99.5 टक्क्यांच्या वर. जीएसटी नंबरही पोर्टलवर चालू. कागदावर कुठंच बोट ठेवायला जागा नव्हती.

माल आला तेव्हा मिक्सरवरच्या मुलानं विचारलं, "काका, या गोण्या एवढ्या फुगीर कशा?" त्याची नजर पक्की आहे. ट्रायऑक्साइडची घनता 5.2 च्या वर असते, खडूची 2.7. वजन तेच 25 किलो, पण भेसळीची गोणी जास्त जागा खाते. शिवण पाहिली तर मूळ शिवणीच्या भोकांशेजारी दुसरी शिवण. पुढच्या ओळीतल्या गोण्या मात्र चोख होत्या, नेमक्या ज्यातून कोणीही नमुना काढेल त्याच.

त्या मालाची एक छोटी बॅच करून पट्टी पेटवली. एरवी ज्योत बाजूला केली की पट्टी विझते. ही जळत राहिली. ऑक्सिजन इंडेक्स, म्हणजे पट्टी जळत राहायला किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो तो आकडा, 26 आला. तो जितका जास्त तितकं चांगलं. आगरोधक केबलच्या आवरणाला किमान 29 लागतो.

असं का होतं ते समजून घ्या. ट्रायऑक्साइड एकटं आग विझवत नाही. पीव्हीसी तापलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, त्याच्याशी संयोग होऊन अँटिमनी ट्रायक्लोराइड बनतं. ते वाफ होऊन ज्वाळेत शिरतं आणि ज्वाळा चालू ठेवणारे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल्स (अतिक्रियाशील कण) टिपतं. म्हणून 100 भाग पीव्हीसी रेझिनला चार-पाच भागही पुरतात. त्या चार-पाच भागांतच खोट असेल तर संरक्षणच गेलं. वर खडू तो हायड्रोजन क्लोराइड स्वतःच शोषून घेतो, म्हणजे नुकसान दुहेरी. ही केबल उद्या कुणाच्या घराच्या, दवाखान्याच्या भिंतीत जाणार असते. पैशापेक्षा मला याचाच जास्त संताप आहे.

लॅबच्या अहवालात ट्रायऑक्साइड निम्म्याहूनही कमी निघालं, बाकी बेरियम सल्फेट आणि खडू.

प्रत्येक गोणीची तपासणी कारखान्यातच होऊ शकते. चिमूटभर पावडरवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. फसफसलं तर खडू आहे. दुसरी चिमूट तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करा. ट्रायऑक्साइड विरघळतं, बेरियम सल्फेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड तळाशी राहतात. वरचं स्वच्छ द्रावण भरपूर पाण्यात ओता. पांढरा गढूळपणा परत आला तर तो अँटिमनी ऑक्सिक्लोराइडचा. झिंक ऑक्साइडही आम्लात विरघळतं, पण पाण्यात ओतल्यावर असं परत येत नाही. हातमोजे, चष्मा, खेळती हवा हवीच. आणि गोणी उघडताना मास्क घालाच, ही धूळ फुप्फुसाला वाईट. यानं टक्केवारी कळत नाही, त्यासाठी लॅबच लागते. पण नमुना दलालाच्या हातचा नको. मागच्या, खालच्या गोण्यांतून परखी घालून स्वतः काढा आणि पैसे अहवालानंतरच सोडा.

व्यापाऱ्याचा फोन बंद आहे, गोदामाच्या पत्त्यावर दुसराच भाडेकरू. पोलिसांत तक्रार आणि जीएसटी कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे. सीलबंद नमुने, चलन आणि शिवणीचे फोटो जपून ठेवलेत. असाच फोन आणखी कुणाला आला असेल तर त्यांनी आपल्या मालाचे नमुने सील करून ठेवावेत आणि तक्रार द्यावी. एकाच माणसाविरुद्ध तीन-चार तक्रारी गेल्या तर तपासाला जोर येईल.