एक उतारा, पाच प्रश्न : सामाजिक शास्त्रांच्या छोट्या उताऱ्यांतून आकलन, आठ महिन्यांच्या वापरानंतर

इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र यांतले १५० ते २२० शब्दांचे उतारे, प्रत्येकाखाली पाच प्रश्न, आठवड्यातून चार दिवस, रोज २५ मिनिटे. वयोगट ११ ते १४. आठ महिन्यांच्या वापरानंतरचे मत सुरुवातीलाच सांगतो : पद्धत चांगली आहे आणि चालू ठेवण्याजोगी आहे. मात्र तिचे यश उताऱ्यापेक्षा खालच्या प्रश्नांवर ठरते, आणि बहुतेक तयार संचांत नेमके तिथेच पाणी मुरते.

हे वाक्य पाहा : ‘लोमटाने झिपळी खोरवली.’ आता प्रश्न : झिपळी कोणी खोरवली? उत्तर ‘लोमटाने’. पूर्ण गुण मिळाले, आणि कळले काहीच नाही. ‘कोणी, कधी, कुठे’ विचारणारे प्रश्न असेच सुटतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचे शब्द उचलून लिहायचे. पाचपैकी चार प्रश्न या जातीचे असतील तर मुले दोन आठवड्यांत वाचणे सोडून शोधणे शिकतात. गुण वाढतात, वही भरते, आणि उतारा झाकून ‘यात काय सांगितले?’ असे विचारले की समोर शांतता.

म्हणून प्रश्नांची वाटणी ठरवून घ्यावी लागते. एक छोटा नमुना घेऊ.

‘सुएझ कालवा १८६९ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्यामुळे युरोपातून आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज उरली नाही. तांबड्या समुद्रातले वारे मात्र शिडाच्या जहाजांना प्रतिकूल होते. वाफेवर चालणाऱ्या जहाजांना ती अडचण नव्हती. पुढच्या काही दशकांत आशियाच्या व्यापारात शिडाची जहाजे मागे पडली.’

कालवा कधी खुला झाला, हा उचलायचा प्रश्न. असा एकच ठेवावा, तोही सुरुवातीला, हात बसण्यापुरता. ‘ती अडचण’ म्हणजे कोणती, हा जोडायचा प्रश्न. शिडाची जहाजे का मागे पडली, हाही जोडायचाच. शेवटच्या वाक्यात कारण दिलेले नाही, ते आधीच्या तीन वाक्यांतून बांधावे लागते. कालव्याचा फायदा दोन्ही प्रकारच्या जहाजांना सारखाच झाला का, हा अनुमानाचा. पाचवा प्रश्न आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा : ‘कालवा खोदण्याचा खर्च जहाज कंपन्यांनी केला’ हे विधान बरोबर, चूक, की उताऱ्यावरून सांगता येत नाही? पहिले दोन महिने ‘सांगता येत नाही’ हे उत्तर मुले देतच नाहीत. न सांगितलेली गोष्ट त्यांना एक तर खरी वाटते नाही तर खोटी. तिसरी शक्यता असते हे एकदा अंगवळणी पडले की वाचण्याची तऱ्हाच बदलते, कारण मग लेखकाने काय म्हटले आणि आपण मनाने काय भरले, यांतली सीमा दिसू लागते.

संच निवडताना एक सोपी चाचणी करा. उतारा न देता फक्त प्रश्न द्या. पाचपैकी तीन प्रश्न उताऱ्याविना सुटले तर ते प्रश्न आकलनाचे नाहीत, सामान्यज्ञानाचे आहेत. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांत हे फार होते : सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो, किंवा तीन पर्याय इतके हास्यास्पद असतात की चौथाच उरतो. चांगले चुकीचे पर्याय तीन प्रकारचे असतात. एक, खरा पण उताऱ्यात नसलेला. दोन, उताऱ्यातला पण विचारलेल्या गोष्टीशी संबंध नसलेला. तीन, उताऱ्यातलेच म्हणणे फुगवून ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘केवळ’ लावून मांडलेला.

आता रोजची २५ मिनिटे. शीर्षक वाचून, उतारा कशाविषयी असेल याचे एक वाक्य लिहायचे, एक मिनिट. मग हातात काहीही न घेता पहिले वाचन, साधारण दोन मिनिटे. दुसरे वाचन पेन्सिलीने : जोडशब्दांना, म्हणजे ‘मात्र’, ‘म्हणून’ अशा वाक्ये जोडणाऱ्या शब्दांना, गोल, सर्वनामापासून ज्याच्याबद्दल ते आले त्या नामापर्यंत बाण, न कळलेल्या शब्दाखाली रेघ. रेघा जास्तीत जास्त पाच. मर्यादा घातली नाही तर निम्मा उतारा अधोरेखित होतो आणि खूण निरुपयोगी ठरते. पाचांहून अधिक शब्द खरोखरच अडत असतील तर उतारा त्या मुलासाठी कठीण आहे, बदलून द्या. मग उतारा पालथा घालून तीन वाक्यांत तोंडी सांगायचे. ही पायरी वेळेअभावी सर्वांत आधी गाळली जाते. ती गाळू नका, प्रश्न दोन कमी करा. त्यानंतर उतारा उघडा ठेवून प्रश्न सोडवायचे, आणि प्रत्येक उत्तरापुढे कोणत्या ओळीच्या आधारे लिहिले तो ओळक्रमांक टाकायचा. त्यासाठी छापतानाच दर पाचव्या ओळीला क्रमांक द्या. शेवटची पाच मिनिटे तपासणीची.

पेन्सिलीच्या खुणांवर थोडे थांबतो, कारण मराठी उताऱ्यांतल्या अडचणी इथेच सापडतात, आणि दुसऱ्या भाषेतून आलेल्या सरावपत्रिकांत त्यांची दखल नसते.

पहिली अडचण आदरार्थी सर्वनामाची. ‘१८६२ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी सेनापती मॅक्लेलन यांना पदावरून दूर केले. त्यांच्या मते सैन्य आगेकूच करण्यास अजून तयार नव्हते.’ कोणाच्या मते? व्याकरणाने लिंकन, मॅक्लेलन, किंवा आणखी कोणी बरीच माणसे, तिन्ही बसतात. अर्थावरून मॅक्लेलन. पदावरून दूर करणाऱ्याची तक्रार ‘सैन्य तयार नाही’ अशी नसेल, हा विचार केल्याशिवाय बाण काढता येत नाही. एका उताऱ्यात असे दोन बाण पुरेत.

दुसरी अडचण कर्ता लपवणाऱ्या क्रियापदांची. ‘कर लादण्यात आला’, ‘जमिनी ताब्यात घेण्यात आल्या’, ‘बंदी घातली गेली’. इतिहास-नागरिकशास्त्राच्या मराठीत ही रचना पावलोपावली असते. अशा प्रत्येक ठिकाणी ‘कोणी?’ असे समासात लिहायला लावा. उत्तर कधी दोन ओळी वर असते, कधी उताऱ्यात कुठेच नसते. नसणे हेही नोंदवायचे.

तिसरी अडचण ओळखीच्या शब्दांची. नवा शब्द अडतो तेव्हा मूल थांबते आणि विचारते. ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने आला तर थांबतच नाही. ‘घटना’ म्हणजे प्रसंग आणि घटना म्हणजे संविधान. ‘वर्ग’ शाळेतला आणि समाजातला. ‘खंड’ भूगोलातला, ग्रंथाचा, आणि जमिनीचा. ‘मागणी’ म्हणजे हक्काची, आणि बाजारातली. ‘शासन’ म्हणजे सरकार आणि शिक्षाही. चुकांच्या नोंदीत कठीण शब्दांपेक्षा हे सोपे शब्द जास्त सापडतात. दर आठवड्याला असे दोन शब्द घेऊन दोन्ही अर्थांची दोन वाक्ये लिहून घ्यावीत. पाठ करायला शब्दार्थांची यादी देण्यापेक्षा याचा उपयोग अधिक.

जोडशब्दांत ‘मात्र’ आणि ‘तरी’ चुकतात, ‘कारण’ आणि ‘म्हणून’ उलटे होतात. यासाठी बाणांची साखळी उत्तम. उदाहरणार्थ, १८१५ मध्ये तंबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा थंड गेला, पिके बुडाली, धान्य महागले. साखळी काढायला सांगितली की बरीच मुले ‘राख पडली → पिके गेली’ असे लिहितात. तंबोरा इंडोनेशियात आहे, पिके युरोपातली. मधली कडी, म्हणजे गंधकयुक्त कण वातावरणात उंचावर पसरून जमिनीवर पोचणारा सूर्यप्रकाश कमी झाला, ही गाळली जाते, कारण राख डोळ्यांसमोर येते आणि कण येत नाहीत. साखळीत किमान चार खोकी हवीत असे आधीच सांगितले तर मधल्या कड्या शोधल्या जातात.

काळाच्या गणनेसाठी वेगळी मेहनत लागते. १८९३ ला अठरावे शतक म्हणणे ही जवळजवळ सार्वत्रिक चूक आहे. इसवी सनापूर्वीची वर्षे उलटी मोजायची हे सांगून कळत नाही, रेषा काढून कळते. न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना संसदीय निवडणुकीत मताधिकार १८९३ मध्ये मिळाला, स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर १९७१ मध्ये. ही दोन वर्षे रेषेवर मांडली की ७८ वर्षांचे अंतर डोळ्यांना दिसते आणि ‘इतका उशीर का?’ हा प्रश्न मुलांकडूनच येतो. त्याचे उत्तर उताऱ्यात नसेल तर पुढचा उतारा त्याच विषयावरचा द्यावा.

इथे उताऱ्यांच्या क्रमाचा मुद्दा येतो. तयार संचांत आज ज्वालामुखी, उद्या संसद, परवा रेशीममार्ग अशी सरमिसळ असते. आम्ही दोन्ही प्रकार वापरले. एका विषयावर सलग सहा ते आठ उतारे, म्हणजे दोन आठवडे, हा क्रम निर्विवादपणे चांगला. पहिला उतारा जड जातो, चौथ्यापर्यंत शब्द ओळखीचे होतात आणि लक्ष युक्तिवादाकडे वळते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८ चा प्रयोग या बाबतीत आठवतो : बेसबॉलविषयीचा मजकूर वाचल्यावर, वाचनात कच्ची पण खेळाची माहिती असलेली मुले ही वाचनात तरबेज पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषयाची ओळख आकलनाचा मोठा भाग उचलते. तिचा तोटाही आहे : सातव्या-आठव्या उताऱ्याला मुले उतारा न वाचता आठवणीतून उत्तरे लिहू लागतात. ओळक्रमांकाची सक्ती तिथे कामी येते.

चुकांची वही हा या पद्धतीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. चुकीच्या उत्तरापुढे बरोबर उत्तर लिहून सोडून देऊ नका; चूक कशी झाली त्याचे अक्षर लिहा. ‘श’ म्हणजे शब्दाचा अर्थ, ‘स’ सर्वनाम, ‘ज’ जोडशब्द, ‘अ’ अनुमान, ‘प्र’ म्हणजे प्रश्नच नीट वाचला नाही, ‘म’ म्हणजे मनचे लिहिले. महिनाअखेर मोजदाद करा. ‘प्र’ जास्त असतील तर आणखी उतारे सोडवून काही साधत नाही. प्रश्नातले विचारणारे शब्द अधोरेखित करण्याचा सराव द्या. ‘कारणे लिहा’ म्हटल्यावर परिणाम लिहिणे, ‘तुलना करा’ म्हटल्यावर एकाचेच वर्णन करणे, हे सगळे ‘प्र’मध्ये जाते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. वाचताना जोडाक्षरांवर अडखळणाऱ्या मुलाला ही पद्धत लगेच देऊ नये. शंभर शब्दांत दहा ठिकाणी अडखळत असेल तर सगळी शक्ती अक्षरे लावण्यात जाते. आधी काही आठवडे मोठ्याने वाचन, मग उतारे. दुसरी उणीव सोप्या केलेल्या उताऱ्यांची. सोपे करण्याच्या नादात जोडशब्द काढून वाक्ये तोडली जातात : ‘पीक बुडाले. भाव वाढले. लोक शहरांत गेले.’ दिसायला सोपे, समजायला अवघड, कारण संबंध वाचकावर सोडला. ‘पीक बुडाल्याने भाव वाढले, म्हणून लोक शहरांत गेले’ हे लांब वाक्य मुलांना जास्त नीट कळते. तिसरी, चौथ्या महिन्याच्या सुमारास प्रगती थबकते. छोट्या उताऱ्यात चुकायचे राहत नाही, पण पाठ्यपुस्तकातला सहा पानांचा धडा दिला की तीच मुले हरवतात. छोटा उतारा एकाच मुद्द्याचा असतो. धड्यात मुद्दे एकमेकांत गुंततात. पाचव्या महिन्यापासून आठवड्यातला एक दिवस ६०० शब्दांचा उतारा घेऊन प्रत्येक परिच्छेदाशेजारी एक ओळ लिहून घेणे, हा उपाय आम्हाला लागू पडला.

सहाव्या महिन्यापासून एकाच विषयावरचे दोन उतारे शेजारी ठेवता येतात. लंडनमधली १८५४ ची पटकीची साथ यासाठी फार उपयोगी आहे. एका उताऱ्यात त्या काळी प्रचलित असलेले मत : रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो. दुसऱ्यात डॉक्टर जॉन स्नो यांचे काम : मृत्यूंची घरे नकाशावर मांडली, ती ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेली आढळली, सप्टेंबरमध्ये पंपाचा दांडा काढण्यात आला. दाव्याखाली एक रेघ, पुराव्याखाली दोन. मग विधान द्यायचे : ‘दांडा काढल्यामुळेच साथ थांबली.’ जवळपास सगळे ‘बरोबर’ लिहितात. दुसऱ्या उताऱ्यात आणखी एक वाक्य घालायला मात्र विसरू नका : दांडा काढण्यापूर्वीच साथ ओसरू लागली होती, आणि हे स्नो यांनीही मान्य केले होते. त्या वाक्याचा ओळक्रमांक शोधून उत्तर खोडणारी मुले सातव्या महिन्यात दिसू लागतात. स्नो यांचा मूळ मुद्दा, रोग पाण्यातून पसरतो, त्यामुळे खोटा ठरतो का, हा पुढचा प्रश्न तोंडीच घ्यावा. त्यावर लिहायला पाच ओळी पुरत नाहीत.