खुडूक कोंबडी की इनक्युबेटर?

नागपूरकडे देशी कोंबड्यांची पैदास करायची, तर अंडी खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ठेवायची की उबवणीच्या मशीनमध्ये? पिल्लं दोन्हीकडे साधारण २१व्या दिवशीच निघतात. खर्चात खुडूक जिंकते, पण एकीखाली १०-१२ अंडीच मावतात आणि अंगावर उवा झाल्या की ती अर्ध्यावर उठते.

आत पंखा असलेल्या मशीनला ३७.५ अंश तापमान लागतं. आर्द्रता १८व्या दिवसापर्यंत ५०-५५ टक्के, नंतर ६५-७०. १८व्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवायची, शेवटचे तीन दिवस नाही. लाइट जाते, म्हणून इन्व्हर्टर हवाच.

मे महिन्यात खरी गोची साठवणीची. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत अंडं उबवण्याआधीच गर्भ अर्धवट वाढून मरतो. दोष मात्र मशीनला! शिवाय मशीनच्या पिल्लांना पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब तुम्हीच द्यायची.

घरापुरती वीसेक पिल्लं हवीत तर खुडूक. एकाच वयाची शंभर विकायची तर मशीन.